करंजाखाली एरंडाच्या बिया

१

मेलेला मासा पोट वर करून तरंगतोय. एकादा दिसला तर काठीनं ढकलायचा, कुत्र्याला घालायचा, इसरायचं. त्या सकाळी मात्र काठी कुठं घालायची तेच कळंना. करंजाखालचं सगळं पाणी पांढऱ्या पोटांनी भरलं हुतं.

"संयू, पाण्यात हात घालू नगंस!" आण्णा बांधावरनं ओरडलं. आण्णा म्हंजे माझा बाप, आकाराम.

पन्हाळ्याच्या रस्त्याला उसातनं एक वाट आत जाते, तिच्या शेवटाला आमचं तळं. लई मोठं न्हाय. ह्या काठावरनं दगड मारला की त्या काठाला लागतोय. एका अंगाला करंजाची रांग. त्या सावलीत कोल्हापुरातनं गळवालं येत्यात, तिकीट काढून दिवसभर गळ टाकून बसत्यात, घावलेला मासा वजनावर घेऊन जात्यात. कुठली फांदी ठेवायची, कुठली काढायची, पाण्यात पडलेला पाला कवा काढायचा, कुठलं पिल्लू कवा सोडायचं, शाळा सोडल्यापास्नं हे सगळं मी बघतो. आमच्यात पोरीबी 'बघतो' म्हणत्यात, पावण्यांनी हसू नये.

"मी सांगत हुतो का न्हाय?" हंबीरतात्या मिशीवर हात ठेवून उभं हुतं. आण्णांचं थोरलं भाऊ. तळ्यात त्यांचा वाटा निम्मा, बोलण्यात सगळा. "करंज इखारी झाड. आमच्या आज्ज्याच्या टायमाला ओढ्यात करंज कुटून टाकायचं, मासं आपोआप वर यायचं. ह्यो पाला पडून पडून पाणी मारलं बघ."

"पाला मी रोज जाळीनं काढतो," मी म्हणालो.

"मोठ्या माणसात बोलायचं न्हाय."

"मग मोठ्या माणसांनी काढायचा पाला!"

आण्णांनी डोळं वटारलं. तात्यांनी तिकडं बघितलंबी न्हाय. फोन कानाला लावला. "कृष्णात, कटर घेऊन ये. आजच. उद्या पाडवा, उद्या मला टाईम न्हाय. सगळी रांग झोपवायची."

माझ्या कानातनं वाफ निघाली. झाडं गेली की सावली गेली. भर उन्हात कुठला गळवाला बसतोय? आण्णांच्या डोक्यातबी तेच चाललं हुतं, कारण ते खाली बघत म्हणालं, "तळं बुजवू. ऊस लावू. तू हुपरीला मामाकडं जा. पैंजणाला घुंगरू जोडायचं काम हाय. सावलीत, बसून."

बसून! बाकावर बसवंना म्हणून तर शाळा सुटली माझी. आता जल्मभर एका पाटावर बसून चिमट्यानं घुंगरू उचलायचं? त्यापरीस मला त्या माशांच्यात टाका.

तात्या आण्णांस्नी घेऊन बांधावर गेलं. मी तिथंच ऱ्हायलो आन् नीट बघितलं.

रोहू मेलं हुतं, कटला मेला हुता, गवत्या मेला हुता. आन् मरळबी. मरळ म्हंजे काय चीज हाय ते गळवाल्यास्नी इचारा. चिखलात पुरून घेऊन जगतंय, वर तोंड काढून हवा पितंय. पाला सडून पाणी कोंदलं, त्यातली हवा सपली, तर आदी रोहू जाणार, मरळ शेवटाला. हितं दोघंबी शेजारी शेजारी आडवं.

खेकडं पाण्याबाहीर येऊन मेलं हुतं. पाण्यावर पळणाऱ्या निवळ्या रोज शाळा सुटल्यागत धावत्यात, आज एक न्हाय. आन् बगळा मात्र मजेत. मेलेला मासा उचलायचा, मान वर करायची, गिळायचा. त्याला कायबी हुईत न्हवतं.

मधल्या मोठ्या करंजाच्या बुडाला राखाडी, गुळगुळीत, टपोऱ्या बिया पडल्या हुत्या. एरंडाच्या वाटल्या. पण आमच्या बांधावर एरंड न्हाय, शेजारच्या बांधावर न्हाय, कुठंच न्हाय. उचलायला वाकलो.

"संयू!" तात्या ओरडलं. "कृष्णात निघाला! सावलीतल्या खुर्च्या काढ. जेवणाआदी पयलं झाड पडाय पायजे."

२

माझा पयला संशय सोमलिंगआप्पांवर. आमच्या खालच्या अंगाला त्यांचं रान. कपाळाला इभूत, गळ्यात लिंग, अंडंसुद्धा घरात चालत न्हाय. गेल्या वर्षी तळ्याचा बोर्ड लावला तवा येऊन म्हणाल्यालं, "पाण्यात मरण इकायला लागलासा." आन् काल सांच्याला पाठीवर पंप घेऊन मी त्यास्नी बघितलं हुतं.

मी बांध उतरून धावतच गेलो.

"आप्पा, काल काय मारलासा?"

"कोबीला अळी पडल्या. औषध मारलो."

"आन् उरलेलं माझ्या तळ्यात वतलासा!"

आप्पा उठलं. मला वाटलं आता थोबाडात बसती. त्यांनी पाटाकडं बोट केलं. "पाणी तुज्या तळ्यातनं माज्या रानात उतरतंय का माज्या रानातनं तुज्या तळ्यात चढतंय?"

"हातानं टाकता येतंय की!"

"हातानं?" आप्पांचा आवाज बारीक झाला. "लेकरा, मी मासं खात न्हाय ते मेलेलं बघवत न्हाय म्हणून. आन् मी मारीन व्हय? जा. तुज्या आण्णाला पाठव. त्याच्यासंगट बोलतो."

मला लाज वाटायच्या ऐवजी अजूनच राग आला. चुकलं की मला आदी राग येतोय, लाज मागनं. मागं फिरलो तर दारात त्यांच्या बायकोनं, रत्नव्वाकाकीनं हाताला धरलं. काकी कानडी मुलखातली, मला तंगी म्हणती, म्हंजे धाकटी भन.

"तंगी, थांब ग. आमचं ह्यांनी न्हाय केलं. पर मी एक बघितलो. झुंजूमुंजूला अंगण झाडायला उठलो की न्हाय, तुमचं मासं नाचायलतं."

"नाचायलतं म्हंजे?"

"अव्वा, काय सांगू! पाण्यातनं वर उडायलतं, गोल गोल फिरायलतं. जत्रंत पाळणा फिरतोय तसं. मला वाटलं दिवाळीची मजा करत्यात."

पाणी कोंदल्यावर मासा नाचत न्हाय. वर येतोय, आ वासतोय, तसाच ऱ्हातोय. दोन-चार दिवस आदी कळतंय. ह्यास्नी पाल्यानं मारलं न्हवतं. ह्यास्नी काहीतरी चढलं हुतं.

आन् ते कुणीतरी आणलं हुतं.

३

वर आलो तर मचाणावर कोणतरी वाकून माझ्या तळ्यात बघत हुतं. मचाण करंजाच्या समोरच्या काठाला. मी मागनं जाऊन त्याची पिशवी ओढली.

"ओ! ओ! माझी हाय ती!" राजवीर हुता. राजारामपुरीतला, रविवारचा गळवाला, अंगात खिसं खिसं असलेलं जाकीट. "काल इसरलतो म्हणून आलो. हे काय झालं ग? सगळं मेलं?"

"तू सांग काय झालं. काल सांच्याला शेवटचा तूच हुतास. पाण्यात काय टाकलास?"

"चारा."

"कसला?"

"मी केलाय. शिक्रेट हाय."

मी पिशवी पाण्यावर धरली.

"आगं थांब, सांगतो! शेंगपेंड, पोहं आन् वाळ्याचं अत्तर. बास."

"खा."

"काय?"

"तुझा चारा हाय न्हवं? खा."

त्यानं माझ्याकडं बघितलं, पाण्याकडं बघितलं, गोळा तोडला आन् तोंडात घातला. दोनदा चावला. "मीठ कमी हाय," म्हणाला आन् खोकायला लागला. पाणी देऊन त्याला बसवला. त्याला काय झालं न्हाय, नुसता तोंडाला अत्तराचा वास सुटला.

तेवढ्यात मला मचाणाखाली हालचाल दिसली. बारीक रोहू. जित्तं. कडंला चिकटून, पण जित्तं! राजवीरनं चारा हितंच टाकलेला. इख त्यात असतं तर हितलं मासं पयलं गेलं असतं. मरण करंजाच्या काठाला सुरू झालं हुतं आन् हळूहळू हिकडं सरकत हुतं.

"राजवीर, काल तू जाताना त्या काठाला काय दिसलं?"

"काय न्हाय. उलट झिंगं लई तरास देत हुतं. गळ टाकला की चारा कुरतडत्यात. वैतागून गेलो."

म्हंजे काल दिवस मावळताना झिंगंबी जित्तं आन् माजलेलं. झुंजूमुंजूला मासं नाचायलेलं. जे काय झालं ते त्या मधल्या टायमात. पाला एवढ्यात सडत न्हाय!

मी हे सांगायला आण्णांकडं निघणार तेवढ्यात उसातनं ट्रॅक्टरचा आवाज आला. कृष्णात ट्रॉली घेऊन येत हुता, आन् त्याच्या मांडीवर लाल रंगाचं कटर मशीन हुतं.

४

"सरका संयूताई," कृष्णात म्हणाला. "करंजाला इमा न्हाय, तुम्हाला तर त्याहून न्हाय."

मी मधल्या करंजाला पाठ लावून उभा. "न्हाय सरकत."

"हंबीरतात्यांनी सांगितलंय."

"हंबीरतात्यांनी तुला इहिरीत उडी मार म्हणलं तर मारशील?"

"पाणी किती हाय त्यावर," कृष्णात म्हणाला आन् हसला. मग तो खाली बसला. "हे बघ. चेनीला धार लावायची हाय. कानस मारून हुस्तोवर मी काय बघत न्हाय. मग मात्र बाजूला व्हायचं. मलाबी घरी दिवाळी हाय."

कानशीचा आवाज सुरू झाला. किर्र, किर्र. माझ्या पाठीला काहीतरी ओलं लागलं. वळून बघितलं. खोडावर कमरंएवढ्या उंचीला चिखल घासलेला. सकाळी मी बुडाकडं बघितलं, खोडाकडं न्हाय. चिखल अजून पुरता वाळला न्हवता. त्यात बारीक बारीक काळं केस चिकटलं हुतं. राठ, आखूड, टोकाला तिरपं कापल्यागत. वस्तऱ्यानं भादरल्यावर ऱ्हात्यात तसं.

मी परत बुडाला वाकलो. त्या बियांतली एक उचलली. बोटानं दाबली.

बी फुटली. काळं रगात आलं. बुडाला बारकं बारकं पाय हुतं.

बी न्हवतीच ती. गोचीड हुता. रगात पिऊन फुगलेला, मेलेला गोचीड. आन् त्या सगळ्याच गोचीड हुत्या. मुंग्यांची रांग शेजारनं जात हुती, पण एकबी मुंगी त्यास्नी तोंड लावत न्हवती.

मी पळालो. कृष्णात मागनं ओरडला, "धार निम्मी झाली बरं का!"

तात्यांचा गोठा आमच्या घरामागं. काकी, म्हंजे चिमणाबाई, घागर डोक्यावर घेऊन येत हुत्या. गोठ्यात हरणी उभी. तात्यांची म्हैस. पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून नेत्यात, मालक मोटरसायकल पळवतोय आन् म्हैस त्याच्या मागं धावती, सगळं शहर बघायला. हरणी गेल्या साली नंबरात आल्याली. आता ती भादरून, तेल लावून काळ्या आरशागत चमकत हुती. शिंगं अर्धी रंगवलेली. मी मानंला हात घालायला गेलो.

"आगं लावू नगंस!" काकी म्हणाल्या. "काल ह्यांनी गोचीडाचं औषध मारलंय. झाकणभर सांगितलेलं, ह्यांनी अख्खी बाटली कालवली. पाडव्याला एक गोचीड दिसला तर नाक कापलं जातंय म्हणं. माझा हात लागला तर कशी आग आग झाली, अजून मुंग्या येत्यात."

"काकी, घागरीनं कशाला पाणी आणतायसा?"

"मोटर जळल्या न्हवं इहिरीची. चार दिवस झालं आणतोय, मान गेली माझी."

खुंटीला हरणीचं दावं हुतं. ओलं. मी ते उलगडलं. सुताच्या पिळात हिरवं बारीक शेवाळ अडकलं हुतं. इहिरीला असलं शेवाळ न्हाय. ते फकस्त एका जागी हाय.

मागं तळ्यावर कटर मशीन सुरू झाल्याचा आवाज आला.

५

मी दावं काठीला अडकवून धावत आलो. "बंद कर! कृष्णात, बंद कर!"

कृष्णातनं बंद केलं. तात्या आन् आण्णा झाडाखाली उभं. राजवीर पिशवी छातीशी धरून उभा. गलका ऐकून सोमलिंगआप्पा आन् रत्नव्वाकाकी बांधावर आलं हुतं. माझ्या मागनं चिमणाबाई काकी डोक्यावर घागर घेऊनच आल्या.

सकाळपास्नं मी सगळ्यांस्नी एकच इचारत हुतो, तळ्यात काय टाकलासा? सगळं खरंच सांगत हुतं. कुणीच काय टाकलं न्हवतं.

"तात्या," मी म्हणालो, "हरणीला कुठं धुतलासा?"

तात्यांची मिशी हलली. "इहिरीवर. का?"

"इहिरीची मोटर तर जळल्या," काकी म्हणाल्या. मग त्यांनी जीभ चावली.

तळ्यात जनावर घालायचं न्हाय, हा कायदा माझा. पाणी गढूळ झालं की गळ चालत न्हाय म्हणून मी तो केला हुता आन् त्यावरनं तात्यांशी दोन दिवस भांडण झालं हुतं. एवढ्या मोठ्या मिशीच्या माणसानं पुतणी उठायच्या आत, अंधारात, चोरून म्हैस तळ्यात नेली हुती. लपवायचं कारण एवढंच. बाकी त्यास्नी कायबी ठाऊक न्हवतं, हे त्यांच्या तोंडाकडं बघून मला तिथंच कळलं.

"बसवली तर बसवली!" तात्या भडकलं. "घासली, उठली, झाडाला अंग खाजवलं, घरी आणली. म्हशीनं मासं मरत्यात व्हय? आमच्या आज्ज्यापास्नं म्हशी पाण्यात बसत्यात. गावात मासा ऱ्हायला नसता मग!"

"आज्ज्याच्या म्हशीला गोचीडाचं औषध न्हवतं."

"आगं ते म्हशीला मारायचं औषध हाय! म्हैस मेली का? उभी हाय धडधाकट! गोचीडाचं औषध गोचीडाला. माशाचा काय संबंध?"

आण्णा माझ्याकडं बघत हुतं. त्यास्नीबी ते पटत हुतं. खरं सांगायचं तर मलाबी तात्यांचं बोलणं ऐकून क्षणभर पायाखालची माती सरकल्यागत झालं.

"दोन बादल्या," मी म्हणालो. "आण्णा, दोन बादल्या द्या. काकींच्या घागरीतलं पाणी, दोन्हीत सारखं. एकीत करंजाचा पाला. एकीत हे दावं, औषध मारताना हरणीच्या गळ्यात हुतं ते. कशात मासं मरत्यात ते दाखवतो."

"मासं कुठलं घालणार?" आण्णा म्हणालं. "तळ्यातलं तर आदीच अर्धमेलं हायत."

खरं हुतं. मचाणाखालच्या रोहूंवर इश्वास ठेवता येत न्हवता. मग मला आठवलं. रत्नव्वाकाकींच्या जनावराच्या हौदात डास होऊ नयेत म्हणून सोडल्यालं गप्पी मासं हायत.

मी सोमलिंगआप्पांकडं वळलो. ज्या माणसाला सकाळी मारेकरी म्हणालो त्याच्यापुढं हात पसरायचा हुता.

"आप्पा, तुमच्या हौदातलं गप्पी द्या."

"मरायला?"

"व्हय."

"न्हाय," आप्पा म्हणालं. "तुजी झाडं वाचावीत म्हणून माज्या हौदातलं जीव देऊ? न्हाय."

कृष्णातनं मशीन उचललं. तात्या म्हणालं, "झालं? चल, घाल."

"आप्पा!" मी त्यांची वाट आडवली. "उलटा व्हायला लागला की काढतो. मरू देत न्हाय. शपथ."

रत्नव्वाकाकी आप्पांकडं बघून कानडीत काहीतरी झटकन बोलली. काय ते मला समजलं न्हाय, पण आप्पा मुकाट घराकडं गेलं. आलं तवा एका हातात तांब्या आन् दुसऱ्या हातात चहाची गाळणी हुती.

"काढायचं मी," ते म्हणालं. "तू न्हाय."

६

झाडाखाली दोन बादल्या. एकीत करंजाचा पाला, मी हातानं चुरगाळून घातला, तात्यांसमोर. दुसरीत हरणीचं दावं बुडवलं, ढवळलं, काढलं. आप्पांनी दोन्हीत गप्पी सोडलं. गाळणी घेऊन मधी उकिडवं बसलं.

काय झालं न्हाय.

पाल्याच्या बादलीत गप्पी फिरत हुतं. दाव्याच्या बादलीतबी फिरत हुतं. कृष्णातनं तंबाखू मळला. राजवीरनं वाकून बघितलं, तर त्याच्या तोंडाच्या अत्तरानं आप्पा शिंकलं.

"घरी जावा सगळी," तात्या म्हणालं. "पोरीनं दिवाळीत तमाशा दाखवला, बास. कृष्णात..."

"थांबा," आप्पा म्हणालं.

दाव्याच्या बादलीतला एक गप्पी सरळ जायच्या ऐवजी तिरपा गेला. बादलीला थडकला. परत फिरला. मग गोल फिरायला लागला. जोरात, अजून जोरात. दुसरा पाण्यातनं वर उडाला.

"असंच!" रत्नव्वाकाकी ओरडली. "असंच नाचायलतं बघ ग!"

गप्पी आडवा झाला. आप्पांची गाळणी पाण्यात गेली, आली. एक काढला, दुसरा काढला, हौदाच्या पाण्याच्या तांब्यात टाकला. त्यांची बोटं भरभर चालत हुती. माझं सगळं लक्ष पाल्याच्या बादलीत. तिथलं गप्पी चुरगाळलेल्या पानाखाली जाऊन सावलीला बसलं हुतं.

मी आण्णांकडं बघितलं. "पाल्यानं पाणी कोंदलं असतं तर मरळ वाचलं असतं, कारण ते हवा पितंय. हितं मरळबी गेलं. आप्पांच्या औषधानं म्हणावं तर पाणी चढावर जात न्हाय. राजवीरच्या चाऱ्यानं म्हणावं तर त्याच्या मचाणाखालचं अजून जित्तं हायत. गोचीड, खेकडं, झिंगं, निवळ्या, सगळी पायावर चालणारी किड्यांची जात एका टायमाला मेली. बगळा खातोय तरी जित्ता, म्हैस उभी तरी जित्ती. असं मारणारं एकच औषध पहाटंच्या अंधारात हितं आलं. पायानं चालत आलं."

तात्या बादलीकडं बघत हुतं. मला वाटलं आता बादलीला लाथ मारत्यात. त्यांनी कमरंवरचा हात काढला, परत ठेवला, परत काढला. त्यांच्या हातालाबी आग हुत असणार, कालपास्नं. ते बोलणाऱ्यातलं न्हवतं.

"कृष्णात," आण्णाच म्हणालं, "मशीन ट्रॉलीत घाल. च्या पिऊन जा."

"आन् मचाणाखालचं?" राजवीरनं इचारलं. "ते बी मरणार?"

आप्पा उठलं. गुडघं कडाकडा वाजलं. "माज्या बोअरची मोटर सुरू हाय. पाइप वरपातुर पोचंल. ताजं पाणी त्या कोपऱ्याला सोडा." मग माझ्याकडं बघून, "खायाला देतोय असं समजू नगंस."

"आप्पा, सकाळी मी..."

"पाइप धर आदी."

मी, राजवीर आन् कृष्णातनं पाइप वढून मचाणापातुर आणला. आण्णांनी मधी मातीचा आडवा बांध घालून कोपरा तोडला. किती वाचतील ठाऊक न्हवतं. अजून न्हाय. उरलेलं पाणी ओढ्याला सोडायचं न्हाय, असं मी सांगितलं, खाली दुसऱ्यांचं मासं हायत. ते हितंच, उन्हात, बसू दे. गळ बंद. कधी चालू हुईल ते पाणी सांगंल.

आण्णांचा फोन वाजला. मामा. आण्णा पाठ करून बोललं, पण मी कान टवकारून हुतो.

"न्हाय, पाठवत न्हाय... न्हाय, तिला हितं काम हाय... कसलं म्हंजे? तळ्याचं. तिचंच तळं हाय न्हवं ते."

मी पाइपाचं तोंड दाबून धरलं, त्यामुळं पाणी माझ्या तोंडावर उडालं, ते बरंच झालं.

मासं काढायला दुपार गेली. टोपल्याच्या टोपल्या. इकायचं न्हाय, खायाचं न्हाय, कुत्र्याला न्हाय. पुरायचं, करंजाच्या बुडाशी, खत म्हणून. आण्णा एक खड्डा काढून दमलं. मी कुदळ घ्यायला गेलो तर ती जागेवर न्हवती.

तात्या मधल्या झाडाखाली हुतं. अंगरखा काढून फांदीला टांगलेला. हरणीची शिंगं अर्धीच रंगवलेली ऱ्हायली हुती, आन् हा माणूस हितं माती उकरत हुता. पाडव्याला नेणार का, ते कुणी इचारलं न्हाय. मीबी न्हाय.

मी टोपली ठेवली आन् उभा ऱ्हायलो. तात्यांनी आजवर मला कायबी इचारलं न्हवतं. सांगितलं हुतं, वरडलं हुतं, हाकललं हुतं.

त्यांनी घाम पुसला. माझ्याकडं न बघता खड्ड्यात बघितलं.

"एवढा बास हुईल?"

मी वाकून बघितलं. मुळं कुठनं जात्यात ते बघितलं. कुत्री कितीपातुर उकरत्यात ते मला ठाऊक हाय.

"न्हाय," मी म्हणालो. "अजून खोल. आन् मुळीला कुदळ लावू नगासा."

तात्यांनी कुदळ ठेवली, खुरपं घेतलं आन् गुडघ्यावर बसलं.